आळस नव्हे, मोडलेली झोप : सिकलसेलच्या थकव्याविषयी

"डॉक्टरसाहेब, शक्तीचं एखादं इंजेक्शन देऊन द्या जी. अंगात जीवच राहत नाई." असे म्हणत एकतिशीचा एक तरुण गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसला. बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला. आठवड्याला शिफ्ट बदलते. सुपरवायझर त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणतो आणि घरी वडीलही जवळपास तेच म्हणतात. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली फाईल होती. त्याला सिकलसेल असल्याचे वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे, आपल्याकडे ज्याला सरसकट 'एस.एस. पॅटर्न' म्हणतात तो.

मी फाईल चाळली. हिमोग्लोबिन ८.२ होते. गेली पाच वर्षे ते ८ ते ८.५ च्या दरम्यानच आहे. "हे तर तुझे नेहमीचेच आहे, घाबरू नकोस," असे सांगून मी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या, पाणी भरपूर पी म्हणून बजावले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. तो दारापर्यंत पोचला असेल नसेल, तोच त्याची बायको मागे वळून म्हणाली, "गोळ्या तं देल्या साहेब, पण हे रातभर झोपतच नाईत, त्याचं का करावं?"

मी दोघांना परत बोलावून बसवले.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी या भागात प्रॅक्टिस करतो आहे. या काळात एस.एस.चे रोगी शेकड्यांनी पाहिले असतील. त्यातल्या कितीजणांना मी आपणहून विचारले, की बाबा, तुला झोप कशी लागते? खरे सांगायचे तर फारच थोड्यांना. दुखते कुठे, ताप आहे का, रक्त किती, डोळे पिवळे झाले का, एवढे विचारले की आमचे समाधान होते. झोपेचा प्रश्न ना डॉक्टर विचारतो, ना रोगी सांगतो. त्याला लहानपणापासून तसेच झोपायची सवय झालेली असते. सगळ्यांचीच रात्र अशी जात असेल, असे त्याला वाटत असते.

मोठ्या वयाचा सिकलसेल

विदर्भातील वाचकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रोग्याची पेशी दहा-वीस दिवसांतच संपते. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल एस.एस. होते. एकाकडूनच आला तर ते ए.एस., म्हणजे वाहक. १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन छापले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला आणि मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. म्हणजे आपल्या भागाला या आजाराची ओळख होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. विदर्भातील काही समाजांत शंभरातील दहा-वीस माणसे वाहक आढळतात, कुठे त्याहूनही जास्त.

पूर्वी एस.एस.ची मुले लहानपणीच जात. कधी न्यूमोनियाने, कधी पांथरी एकाएकी सुजून रक्त उतरल्याने. आता लसी आहेत, पेनिसिलीन आहे, हायड्रॉक्सीयुरिया आहे. मुले वाचतात, मोठी होतात, लग्ने करतात, कारखान्यात लागतात. ही चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे आमच्यासमोर तीस-चाळीस वर्षांचा एक नवाच रोगी उभा राहिला आहे. तो मरणाच्या दारात नाही. त्याला रोज सकाळी उठून कामावर जायचे आहे आणि नेमके तेच त्याला जमत नाही.

युरोप-अमेरिकेत गोऱ्या लोकांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस नावाचा असाच आनुवंशिक आजार आहे. त्यातही आई-वडील दोघांकडून दोष यावा लागतो. फुप्फुसात चिकट कफ साठतो, अन्न पचत नाही. (हा आजार आपल्याकडेही आहे. पण बऱ्याचदा त्याला दमा नाहीतर टी.बी. समजले जाते.) तोही एकेकाळी लहान मुलांचाच आजार होता. आज अमेरिकेत त्याच्या रोग्यांमध्ये मुलांपेक्षा मोठी माणसेच जास्त आहेत, आणि त्यांचीही तक्रार हीच असते : रात्रभर खोकल्याने झोप नाही आणि दिवसभर अंगात त्राण नाही. आजार वेगळे, देश वेगळे, पण बालपणातून सुटलेल्या रोग्याचे गाऱ्हाणे सारखेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण हा लेख वाचून उद्या चार ए.एस.वाले दवाखान्यात येतील. ए.एस. म्हणजे आजार नव्हे. वाहकाला थकवा येत असेल तर तो सिकलसेलच्या माथी मारू नका. त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. थायरॉइड, साखर, बी-१२, बाईमाणसाला अंगावरून जास्त जाणे, अशी साधी कारणे बऱ्याचदा निघतात.

रक्त कमी म्हणून थकवा, एवढेच का?

एस.एस.चा रोगी थकला की घरातले म्हणतात, रक्त कमी झाले. डॉक्टरही तेच म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. ज्याचे हिमोग्लोबिन जन्मापासून ८ आहे, त्याच्या शरीराने त्या आठाशी जुळवून घेतलेले असते. हृदय जास्त काम करते, पेशी प्राणवायू जरा सहज सोडतात. मग मागच्या वर्षीही ८ आणि यंदाही ८ असताना, मागच्या वर्षी दोन मजले चढणारा माणूस यंदा एका मजल्यावर का बसतो? याचे उत्तर रक्ताच्या आकड्यात नसते. आकडा खाली आला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आपला नेहमीचा आकडा प्रत्येक रोग्याला तोंडपाठ हवा.

इथे मी स्वतःची एक चूक कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलीला मी 'रक्त कमी' म्हणून कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, मग इंजेक्शनेही दिली. रक्त हूं की चूं करून वाढले नाही. मी डोस वाढवला. शेवटी नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळले की ती एस.एस. आहे आणि तिच्या शरीरात लोह आधीच गरजेपेक्षा जास्त साठले आहे. सिकलसेलमध्ये पेशी फुटतात, पण त्यातले लोह शरीराबाहेर जात नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रोग्यात तर ते साठतच जाते आणि यकृताला, हृदयाला इजा करते. त्यामुळे फेरिटिन तपासून लोह कमी असल्याचे दिसल्याशिवाय लोहाचे टॉनिक घेऊ नये. नुसत्या थकव्यासाठी रक्तही चढवून घेऊ नये.

आणि ते 'शक्तीचे इंजेक्शन'! त्यात बहुधा जीवनसत्त्व असते, ज्याचा उपयोग कमी असेल पण अपाय नाही. कुठे कुठे मात्र त्यात स्टिरॉइड असते. दोन दिवस घोडा होतो माणूस. नंतर दुखण्याची अशी लाट येते की भरती करावे लागते. सिकलसेलच्या रोग्याने बाटलीवरचे नाव विचारल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये.

थकव्याची इतरही कारणे पाहावी लागतात. पेशी सतत फुटत असल्याने शरीरात कायम एक धग असते. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे. मूत्रपिंड हळूहळू थकते. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असू शकतो, त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करून घ्यावा लागतो. हे सगळे तपासायचेच. पण ते तपासताना रोग्याची रात्र कशी जाते, हेही विचारले पाहिजे.

रात्री काय होते?

त्या तरुणाला मी एक काम दिले. पोराच्या शाळेची एक जुनी वही घे आणि पंधरा दिवस लिही : कधी आडवा झालास, कधी उठलास, मध्ये किती वेळा आणि कशासाठी उठलास, सकाळी डोके दुखत होते का, दिवसा किती पाणी कोणत्या वेळी प्यालास. लिहायचे काम बायकोने केले. वही आली तेव्हा मला रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टपेक्षा जास्त समजले.

पहिली गोष्ट लघवी. तो रात्रीतून चार-चार वेळा उठत होता. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला लहान वयातच इजा होते आणि लघवी घट्ट करण्याची त्याची ताकद जाते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड रात्री पाणी राखून ठेवते. यांचे राखत नाही. त्यामुळेच सिकलसेलची मुले मोठेपणापर्यंत अंथरूण ओले करतात आणि मार खातात, आणि मोठी माणसे रात्रभर उठत राहतात. यावर पाणी कमी प्यायचे, हा उपाय सर्वांना सुचतो. तोच घातक आहे! पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते आणि पेशी अडकतात. आपल्या तरुणाचे झाले होते ते असे की कामावर वारंवार लघवीला जाऊ देत नाहीत म्हणून दिवसभर तो पाणी प्यायचाच नाही. घरी आल्यावर आणि जेवणानंतर तांब्यावर तांब्या रिचवायचा. मी त्याला पाणी तेवढेच ठेवायला सांगितले, फक्त वेळ बदलली. दिवसभरात तीन-साडेतीन लिटर, नागपुरी उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत. झोपायच्या आधी दोन तास थोडे हात आखडून, पण उशाशी ग्लास भरलेला. रात्री तहान लागली तर प्यायचेच. (ज्यांचे मूत्रपिंड किंवा हृदय बिघडलेले आहे त्यांनी किती प्यावे, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.) चहा संध्याकाळी पाचनंतर बंद.

दुसरे म्हणजे घोरणे. बायकोने वहीत लिहिले होते : "घोरते, मंग एकदम चूप होते, मंग दचकून उठते." हे वाक्य वाचून मी सावध झालो. झोपेत घसा मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, प्राणवायू खाली येतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. असे रात्रीतून कित्येकदा होते. रोग्याला सकाळी यातले काही आठवत नाही, फक्त डोके जड असते. हा विकार जाड माणसांचा समजला जातो. सिकलसेलमध्ये मात्र किडकिडीत माणसालाही होतो, कारण यांच्या टॉन्सिल अनेकदा मोठ्या राहतात. इतरांना प्राणवायू कमी पडला तर थकवा येतो. यांच्या बाबतीत मात्र प्राणवायू कमी पडणे हेच पेशी वाकड्या होण्याचे कारण आहे. म्हणजे हा माणूस रोज रात्री, गादीवर पडल्या पडल्या, स्वतःचा आजार वाढवत असतो. सकाळी उठल्यावर ज्यांचे अंग जास्त दुखते, त्यांनी घरच्यांना विचारावे की मी घोरतो का.

तिसरे दुखणे. मोठे दुखणे आले की रोगी दवाखान्यात येतो. पण रोजचे बारीक ठणकणे तो सांगतच नाही. तिशीनंतर खुब्याचे हाड आतून झिजू लागते, कारण त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग त्या कुशीवर झोपता येत नाही. दुखण्याने झोप जाते आणि झोप गेली की दुखणे सहन करण्याची ताकद जाते, त्यामुळे दुसऱ्या रात्री तेवढेच दुखणे दुप्पट वाटते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपण्याआधी पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी, दोन पायांत उशी, एवढ्यानेही अनेकांना फरक पडतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र मेडिकल स्टोअर्समधून परस्पर आणून रोज खाऊ नयेत. आधीच नाजूक असलेले मूत्रपिंड त्या बिघडवतात. खुबा सतत दुखत असेल तर एक्स-रे, आणि गरज पडली तर एमआरआय करून घ्यावा.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती लाजेपायी कोणी बोलत नाही. झोपेत किंवा पहाटे इंद्रियाला दुखरा ताठरपणा येतो आणि तो उतरत नाही. वाकड्या पेशी तिथे अडकल्याने असे होते. यात पाप नाही, वाईट सवय नाही. सुरुवातीला लघवी करून, पाणी पिऊन, थोडे चालून उतरत असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगावे. दोन तास झाले तरी उतरला नाही तर मध्यरात्र असो की पहाट, थेट मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाला तर कायमचे नुकसान होते. या भीतीने झोपायलाच घाबरणारे दोन तरुण मला माहीत आहेत. लग्न ठरत असताना ते किती धास्तावले असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

कूलर, खर्रा आणि नाइट शिफ्ट

आता आपल्या गावच्या गोष्टी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरशिवाय झोपणे अशक्य. पण कूलरच्या थेट झोतात ओल्या गार हवेत रात्रभर झोपणे सिकलसेलच्या रोग्याला बाधते, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात. कूलर खिडकीबाहेर आणि झोत भिंतीकडे, अंगावर सुती चादर, असे करावे. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पायमोजे आणि घोंगडी हवीच, सकाळी थंड पाण्याने आंघोळ नको. विहिरीत, तलावात एकदम उडी मारणे तर नकोच नको.

खर्र्याविषयी काय सांगावे! नाइटमध्ये झोप येऊ नये म्हणून पोरे पुड्यांवर पुड्या खातात. तंबाखू झोप घालवते हे खरे, पण सकाळी घरी आल्यावरही ती घालवते. शिवाय रक्तवाहिन्या आवळते. कामावरून येऊन झोप यावी म्हणून दारू घेणारे त्याच्या पुढचे. दारूने डोळा लागतो, पण झोप उथळ होते, घसा जास्त मिटतो आणि शरीरातले पाणी कमी होते. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. घोरणाऱ्या सिकलसेलच्या रोग्याने त्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. त्या श्वास मंद करतात.

नाइट शिफ्टबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एस.एस.च्या कामगाराला शक्यतो नाइट देऊ नये. दर आठवड्याला शिफ्ट बदलली की शरीराचे घड्याळ कधीच लागत नाही. पण मत देणे सोपे आहे, नोकरी त्याला टिकवायची आहे. म्हणून जोवर शिफ्ट चुकत नाही तोवर एवढे करावे : नाइटहून आल्यावर उन्हात न रेंगाळता काहीतरी खाऊन अंधाऱ्या खोलीत लगेच झोपावे. शेजारपाजारच्यांना आणि मोबाइलला तेवढा वेळ दूर ठेवावे. कामावर जाण्याआधी संध्याकाळी तासभर पडावे. दिवसपाळी असेल तर दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते, पण दोन-दोन तास झोपले तर रात्र गेली म्हणून समजा.

कामाच्या बाबतीत रोग्यांची एक खोड असते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. थकल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा थकण्याआधी घ्यावी. बाजार आज, दळण उद्या. रोज वीस मिनिटे सपाटीवर, ऊन उतरल्यावर चालणे चांगले. दम लागेपर्यंत धावणे, जिममध्ये ईर्षेने वजने उचलणे टाळावे.

बायकांचे हाल याहून वेगळे. एस.एस.ची सून सगळ्यांच्या शेवटी झोपते आणि नळ येतो म्हणून सगळ्यांच्या आधी उठते. तिला कोणी कामगार म्हणत नाही, त्यामुळे तिला सुट्टीही नसते. बोरीतल्याच एका सासूबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. "पोरगी चांगली आहे जी, पण कामाची चोट्टी आहे." तपासले तर सून एस.एस. निघाली. माहेरी माहीत होते, लग्न मोडेल म्हणून सांगितले नव्हते. मी सासूबाईंना तिची पेशी किती दिवस जगते ते समजावले. दोन-तीन भेटी लागल्या. आता पहाटेचे पाणी सासरे भरतात, असे ऐकतो. दिवस राहिले तर मात्र अशा बाईने पहिल्या महिन्यापासून मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवले पाहिजे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात ते चालत नाही.

हायड्रॉक्सीयुरियाविषयी लोकांच्या मनात उगाच भीती आहे. कॅन्सरचे औषध आहे म्हणून अनेक जण सोडून देतात. हे औषध लहान बाळाच्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात, दुखणी कमी येतात आणि रक्ताचा आकडा थोडा सुधारतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी वजनाच्या दर किलोला दहा मिलिग्रॅम अशा कमी मात्रेचा मुलांमध्ये चांगला उपयोग होतो, हे २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध केले. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करत राहावी लागते, एवढीच अट. हे औषध झोपेचे नव्हे, पण दुखणे कमी झाले की झोप आपोआप सुधारते.

मनाचेही बोलले पाहिजे. पहाटे तीन-चारला जाग येणे, कशातच मन न लागणे, पोरांचे हसणे नकोसे होणे, हे नुसत्या थकव्याचे लक्षण नाही. हे मनाचे आजारपण आहे आणि त्याला उपचार आहे. सिकलसेलच्या रोग्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

कोणता थकवा थांबू देत नाही, तेही लक्षात ठेवा. एक-दोन दिवसांत एकाएकी वाढलेला थकवा आणि पांढरा पडलेला चेहरा, १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली शक्ती जाणे, यापैकी काहीही झाले तर माझ्यासारख्याच्या दवाखान्यात सलाईन लावत वेळ घालवू नका, सरळ नागपूर गाठा. करोनाच्या साथीत घरोघरी आलेले प्राणवायू मोजण्याचे यंत्र कुठेतरी पडले असेल ते काढा. बरे असताना आपला आकडा किती असतो ते दोन-तीनदा पाहून लिहून ठेवा. सिकलसेलमध्ये तो थोडा कमी असू शकतो. त्याहून तीन अंकांनी खाली आला तर डॉक्टरांना दाखवा.

नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, आणि आपल्यासाठी वर्धा रोडवरच, मिहानमध्ये एम्स आहे. चंद्रपूरला अशा रक्तविकारांसाठी आयसीएमआरचे संशोधन केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, २०४७ पर्यंतचे ध्येय ठेवून. त्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. ती अवश्य करून घ्यावी, विशेषतः लग्नाआधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे अनेक कामगारांना ठाऊकच नसते. प्रमाणपत्र काढले तर मालकाशी बोलताना हातात काहीतरी कागद असतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रोग्यांसाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आपल्या तरुणाकडे परत येतो. तीन महिन्यांत तो काही पहिलवान झाला नाही. पाण्याच्या वेळा बदलल्यावर चारदा उठणे दोन-तीनदावर आले. खर्रा पूर्ण सुटलेला नाही, दिवसाला एकावर आला आहे असे तो म्हणतो, बायको दोन म्हणते. नागपूरला रात्रभराची झोपेची तपासणी झाली, त्यात श्वास थांबत असल्याचे नक्की झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल काढायला सांगितल्या आहेत. सिकलसेलमध्ये भूल देण्याआधी तयारी लागते, गरजेप्रमाणे रक्तही चढवावे लागते, त्यामुळे तारीख पुढची मिळाली आहे. मी दिलेले पत्र त्याने कारखान्यात दिले. नाइट बंद झाली नाही, पण आता दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदाच शिफ्ट बदलते, आणि कामाच्या जागी पाण्याची बाटली ठेवायला आणि लघवीला जायला कोणी अडवत नाही.

वही त्यांनी चालू ठेवली आहे. परवा दाखवायला आणली होती. शेवटच्या पानावर बायकोच्या अक्षरात होते : "काल दोनदाच उठले. सकाळी डोकं दुखलं नाई. पोराले शाळेत सोडून आले."